काळुरामची ठिगळं

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा काळुराम तांडेल याला मानपाड्यात लोक कलाकार म्हणायचे. म्हणोत बापडे. ज्यांना त्याच्या घरात दिवस काढावे लागले नाहीत, त्यांनी त्याला काहीही म्हणावं. मी त्याला जन्मभर भावजी म्हणत आले ते बहिणीच्या तोंडाकडे बघून. आता ती भीड उरलेली नाही, म्हणून सरळच सांगते, माणूस हलका होता.

दिसायला तसा टापटीप. बारीक कातरलेली मिशी, केसांना खोबरेल, पायात पॉलिश केलेल्या चपला. पण अंगातला सदरा बघितला की हसावं की रडावं ते कळायचं नाही. पांढऱ्या टेरिकॉटच्या सदऱ्याला दोन्ही कोपरांवर फुलाफुलांची गोल ठिगळं, खिशाच्या कोपऱ्यावर एक मासा, कॉलरच्या मागे पिंपळाचं पान. हे सगळं त्याने स्वतः बसवलेलं. असा नटून तो सकाळी नाक्यावर उभा राहायचा आणि कोणी आपल्या कोपराकडे बघतंय का ते बघत राहायचा. कोणी बघितलं नाही तर हात उंच करून मान खाजवायचा. तरीही कोणी बघितलं नाही तर स्वतःच म्हणायचा, "फाटलेला हा सदरा. कोन सांगंल?" सांगायची गरज नव्हती, आंधळ्यालाही कळलं असतं.

तो मानपाड्याच्या पुढच्या कापड छपाईच्या एका कंपनीत घडी खात्यात होता. छपाईत फसलेलं कापड तिथे निघायचं. फुलाची काळी रेघ एकीकडे आणि आतला लाल रंग बोटभर बाजूला सरकलेला, असलं. दुकानात जायच्या लायकीचं नसलेलं ते कापड तुकडे करून कामगारांना वाटून टाकत. बाकीच्यांच्या घरी त्याची पायपुसणी झाली. काळुरामच्या घरी त्याची प्रतिष्ठा झाली. पार डोंबिवली स्टेशनपर्यंत कुठेही, बाजाराच्या पिशवीवर, छत्रीवर, पोराच्या दप्तरावर रंग बाहेर सांडलेलं फूल दिसलं की समजावं, हे काळुरामचं काम.

आणि हे सगळं चालायचं ते माझ्या बहिणीच्या मशीनवर. चंद्रभागा तिचं नाव, मी तिला ताय म्हणायचे. आमचं माहेर ठाण्याला चेंदणीच्या कोळीवाड्यात. आमच्या वाड्यातल्या मुली मासळी निवडण्यात आणि विकण्यात तयार, पण झंपर बेतून शिवावं ते तायनेच. म्हणून बापाने लग्नात भांड्यांच्या जोडीला शिवणयंत्र दिलं. लग्नाला वर्ष झालं नसेल, काळुरामने तिला स्टुलावरून उठवलं. "दोरा किती खातेस गो," म्हणाला, आणि स्वतः बसला. तो बसला तो बसलाच. त्यानंतर मी तायला त्या स्टुलावर बसलेली कधी पाहिली नाही. घरातलं शिवणकाम नवऱ्याने करावं यात मला काही वावगं वाटत नाही. पण ज्याला साधी उशीची खोळ सरळ शिवता येत नाही आणि फक्त ठिगळं लावता येतात, त्याने दुसऱ्याची शिवणकला बंद पाडावी, याला काय म्हणायचं?

गावाची कामं तो फुकट करायचा. याचं लोकांना फार कौतुक. मला नव्हतं. तो फुकट करत नसे, त्याचं मोल तो स्तुतीत घ्यायचा आणि ते भरपूर वसूल करायचा. पिशवी न्यायला आलेल्या बाईला तो अर्धा तास उभी करून ठेवायचा. कात्री कशी फिरवली, कड कशी दुमडली, वरून साखळीटाका कसा घातला, सगळं ऐकल्याशिवाय पिशवी हातात पडायची नाही. बायका "वा भावजी, काय हात आहे तुमचा" म्हणून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायच्या आणि वळणावर गेल्यावर तोंडाला पदर लावायच्या.

एकदा मी माजिवड्याच्या माझ्या घरून त्यांच्याकडे गेलेले. माझ्या पर्सचा बंद तुटला होता, हातात धरून नेली होती. मी आणि ताय मागच्या दारी बोलत बसलो आणि चहा घेऊन आत येतो तो माझी पर्स याच्या मांडीवर. पर्सच्या पोटावर तीन फुलं बसवलेली, लाल रंग बाहेर.

"केशर, घे. नवीन झाली तुझी पर्स."

"भावजी, पर्स फाटली नव्हती. बंद तुटलाय."

"अगो, बंद कोन बघतो? लोक फूल बघतात."

बंद तसाच लोंबत होता. मी तशीच ती काखोटीला मारून घरी आले, आणि रस्त्यात सगळ्यांनी फुलं बघितली हेही खरं.

बाहेर असा कर्ण आणि घरात? घरात नवीन कापड येऊ द्यायचा नाही. पगार वेळेवर व्हायचा. दारू नाही, जुगार नाही. दारुडा असता तर निदान चार माणसं माझ्या बहिणीच्या बाजूने बोलली असती. इथे सगळे म्हणायचे, चंद्रभागा नशीबवान, नवरा घरी बसून बायकोच्या साड्या सजवतो. सजवतो! दिवाळी आली की तो जुनी साडी पुढे करायचा. हिच्यावर वेल काढलाय, हिला काठाच्या वर मोर लावलेत. "नवी केलीय बग," म्हणायचा. नवी आणलीय असं वीस वर्षांत एकदाही म्हणाला नसेल. कोळीवाड्यात आमच्याकडे सण म्हणजे बायका अंगभर नटणार, केसांत फुलं, गळ्यात असेल नसेल ते सोनं. तिथे माझी ताय यायची ती कोपऱ्यात बसायची, पाठ भिंतीला लावून. पाठ भिंतीला लावून का बसते ते मी ओळखून होते. मागच्या बाजूला ठिगळ असायचं.

त्याची काम करायची एक रीत होती, ती सांगायला हवी. झिजलेल्या जागेला तो नुसतं ठिगळ लावत नसे. आधी कात्री घेऊन ती जागा गोल कापून टाकायचा. सुई जाईल एवढं भोक असलं तरी वाटीएवढं करायचा. का, तर म्हणे भोक नीट कापल्याशिवाय ठिगळ बसत नाही. माझी ताय धागा ओढून तेच भोक असं बुजवायची की शोधून सापडू नये. पण शोधून सापडू नये असल्या कामाची स्तुती कोण करणार? म्हणून ह्याला मोठं भोक लागायचं.

पुढे पुढे घरात भोकं पुरेनात. मग हा ती शोधायला लागला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, रविवारी सकाळी तायची धुतलेली साडी दोन्ही हातांनी उन्हाकडे धरून उभा, कुठे पातळ झालीय का बघत. झाली नसेल तरी झाली म्हणायचा. "आता जाईल हितं, आधीच लावून ठेवतो." आणि चांगल्या कापडाला कात्री. वाद घालायला गेलं की तोंड फुगवून दोन दिवस जेवायचा नाही. तो जेवल्याशिवाय ताय जेवायची नाही, तिला उपास घडवणं हेही त्याचंच एक कसब.

ताय तक्रार करायची नाही. एकदाच बोलली. मागच्या ओट्यावर आम्ही बोंबील साफ करत होतो. जनी, तिची एकुलती एक पोर, तेव्हा लग्नाला आलेली.

"केशर, मना एक साडी पायजे," ती खाली बघत म्हणाली. "अख्खी. जनीच्या लग्नात नेसीन. एक डाव मांडवातून चालायचाय गो, आनि माज्या पाठीमागं कोनी बगाया नको."

मी म्हटलं, मी घेते. तर म्हणाली, तुझी नको, त्याला कळली तर तो तिला हात लावल्याशिवाय राहणार नाही. मला त्याचा इतका संताप आला की हातातला बोंबील तसाच आपटला. एवढीशी इच्छा, आणि ती नवऱ्यापासून लपवायची!

पण ती साडी आपल्या पायाने चालत आली. त्र्याण्णव साली जनीचं लग्न मोहन्याच्या एका घरात ठरलं. माणसं आमच्यातलीच, मुलगा नोकरीला. साखरपुड्याला विहीणबाईंनी तायची ओटी भरली आणि मानाची साडी दिली. मोरपंखी रंगाची, हातभर जरीचा पदर. "लग्नात हीच नेसा, विहीणबाय," असं वर बजावलं. आमच्यात तो मान असतो. वरपक्षाने दिलेली साडी मुलीच्या आईने लग्नात नेसायची म्हणजे नेसायचीच. नाही नेसली तर त्यांचा अपमान. आता काळुराम काय करणार होता? मी मनातून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच दिवशी ताय बसने माजिवड्याला आली. साडी वर्तमानपत्रात, त्यावर टॉवेल, टॉवेलवर भाजी. "तुज्याकडं ठेव. घरात राहिली तर..." पुढचं तिने म्हटलं नाही. मी साडीला हाताने फॉल लावला आणि कपाटात ठेवून किल्ली गळ्यात अडकवली. काळुरामला कळलं तेव्हा तो रुसला. फॉल आपल्याला लावू दिला नाही म्हणून पन्नाशीचा बाप्या रुसून बसला, आणि पोरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला तायला एकटीला फिरावं लागलं.

हळदीच्या संध्याकाळी मी साडी घेऊन मानपाड्याला गेले. दारात मांडव, धवलारीण गाणी म्हणत होती, बायका तिच्यामागे सूर धरत होत्या. जनी पाटावर, नखशिखांत पिवळी. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "मावशी, साडी आनलीस? आये, नेस ना. मना आताच बगायची. उद्या मी तुला नीट बगनार पन नाय."

ताय नको नको म्हणत होती. आम्ही बायकांनी तिला आत ओढलंच. नेसून ती बाहेर आली. इतक्या वर्षांत मी माझ्या बहिणीची पाठ बघितली नव्हती. सरळ, ताठ पाठ होती तिची. ती मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, वळली, परत आली. जनी पाटावरून उठली आणि हळदीच्या अंगानेच तिच्या गळ्यात पडली.

"अगो, साडी! साडी!" बायका ओरडल्या. उशीर झाला होता. खांद्यावरून मागे गेलेल्या पदरावर जनीचा पंजा उमटला होता, पाचही बोटं, पिवळीधमक.

एक बाई ओला फडका घेऊन धावली. तायने तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. पुसू नको. पोरीचा हात हाय तो." सगळ्या हसल्या. हळद लागलेली साडी कोण धुतं? शकुनच तो. एरवी खळखळून न हसणारी माझी बहीण त्या संध्याकाळी मान वळवून वळवून स्वतःच्या खांद्याकडे बघत हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या बायका वाजत गाजत गावदेवीला नारळ ठेवायला गेलो. पुरुष जेवणाच्या कामाला लागलेले. गडबडीत दोरीवरची साडी कपाटात ठेवायची राहिली, आणि घरात राहिला होता काळुराम, कंबर धरलीय म्हणून.

परत आलो तर कंबर बरी झाली होती. स्टुलावर पायावर पाय टाकून बसला होता आणि चेहऱ्यावर तेच नाक्यावरचं हसू. दोरीवर साडी पसरलेली. पंजा होता त्या जागी बशीएवढं गोल ठिगळ, त्यावर तीन फुलं, फुलांतून लाल रंग सांडलेला.

"डाग पडला व्हता," तो म्हणाला. "व्याही काय बोलले असते? म्या केला बरोबर."

तायने त्या ठिगळावरून हात फिरवला. खालून, वरून. मी बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हळद म्हणजे डाग, हे त्याला कोणत्या जन्मात शिकवलं होतं? कोळ्याच्या पोटी जन्माला येऊन या माणसाला एवढंही समजू नये? त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "केशर, तुला ह्यातला काय कलतंय?"

साडी बदलता येत नव्हती. मानाची साडी ती. तायने ती नेसली आणि पदर पुढून ओढून घेतला, पण जरीचा जड पदर, ठिगळ खांद्यावरच येत होतं.

वऱ्हाड आलं, बँड थांबला, व्याहीभेट सुरू झाली. विहीणबाई हसतमुखाने पुढे आल्या, त्यांनी तायला मिठी मारली, आणि हात खांद्यावर पडला तिथेच थांबला. त्यांनी तायला हळूच वळवलं. ठिगळ बघितलं. त्यांचं हसू मावळलं.

"विहीणबाय," त्या म्हणाल्या, "आमी फाटकी साडी दिली का तुमाला?"

मांडवात कुजबुज सुरू झाली. वराकडच्या बायका माना उंच करून बघायला लागल्या. मुंडावळ्या बांधलेली जनी दारात उभी होती, पांढरीफटक पडलेली. त्या घरी जाऊन तिला नांदायचं होतं. तुझ्या आयशीने भर मांडवात आमची साडी ठिगळ लावून मिरवली, आमची लाज काढली, हे ती मरेपर्यंत ऐकणार होती, उठता बसता.

आणि आमचा कलाकार पुढे झाला. छाती काढून!

"फाटकी नव्हती. म्या लावलाय तो. हातचा काम हाय, बगा ना जवलून."

"नवी साडी कोन कापतं?" विहीणबाईंची जाऊ फणकारली. खरंच होतं तिचं. असं कोणी करत नाही, म्हणून कोणाचा विश्वास बसेना.

"डाग व्हता ना तिच्यावर," काळुराम म्हणाला.

"म्हंजे आता डागाची दिली?"

जेवढं बोलत होता तेवढं गाळात घालत होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. तो अजून स्तुतीची वाट बघत होता. ठिगळाकडे बोट दाखवून कड कशी दुमडली ते सांगायला लागला होता. तेवढ्यात ताय त्याच्याकडे वळली.

"तो तुकडा कुठं हाय?"

"कंचा?"

"कापलास तो. माज्या पोरीचा हात व्हता त्याच्यावर."

"तो व्हय," काळुराम म्हणाला. "मशीनला तेल सोडलेला, त्यानं पुसून काढला. ठेवून काय करायचा व्हता त्याला?"

तायने हात खांद्यावरून मागे नेला, ठिगळाची कड बोटांत धरली आणि हिसडा दिला. टाके पक्के होते, पहिल्या हिसड्याला निघालं नाही. दुसऱ्याला निघालं. टर्रकन आवाज सगळ्या मांडवाने ऐकला. ठिगळ खाली पडलं. मोरपंखी पदरावर वाटोळं भोक आणि त्यातून तिचा जुना झंपर दिसायला लागला. तिने पदर सारखा केला नाही. भोक वर येईल असाच घेतला आणि विहीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाय, साडी तुमची चांगलीच व्हती," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "भोक माज्या घरचा हाय."

मग विहीणबाईंनी तिच्या हाताला धरलं, तिला मांडवाच्या मधोमध नेलं आणि तिच्याशेजारी आपण बसल्या. भटजीने मंगलाष्टकं सुरू केली. ताय तशीच बसली होती, पाठ ताठ, सगळं वऱ्हाड मागे आणि खांद्यावर ते भोक.

काळुराम खाली वाकला. पायाखाली येण्याआधी त्याने ते ठिगळ उचललं, झटकलं, कड तपासली आणि खिशात ठेवलं. मला म्हणाला, "चांगला हाय अजून."